जुन्या एमजीबीचं इंजिन उघडलं त्याची गोष्ट

इंजिन उघडायच्या आधी मी नेटवर खूप शोधलं होतं, की मराठीत कुणीतरी लिहिलं असेल की बाबा असं असं होतं, इतके दिवस लागतात, इथे इथे फसायला होतं. काहीच मिळालं नाही. म्हणून आता सगळं आटपल्यावर लिहून ठेवतोय. मी काही मेकॅनिक नाही, ऑफिसात दिवसभर एक्सेल बघणारा माणूस आहे, त्यामुळे यात चुका भरपूर केल्यात आणि त्या सगळ्या खाली आहेतच.

गाडी म्हणजे 1973 ची एमजीबी जीटी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात 1962 ते 1980 या काळात या गाड्या बनल्या. मी राहतो कॉव्हेंट्रीत, मूळचा कोल्हापूरचा. 2017 मध्ये गाडी घेतली तेव्हा इंजिन ठीकठाक होतं, पण 2022 च्या उन्हाळ्यात उतारावर ॲक्सिलरेटर सोडून परत दाबला की मागे निळा धूर, आणि दर तीनशे मैलांना जवळपास लिटरभर ऑइल. मागच्या गाडीवाल्याने एकदा चक्क हॉर्न मारून खूण केली की बाबा पेटलं की काय. कॉम्प्रेशन टेस्टरने (सिलिंडरमधला दाब मोजतात तो) बघितलं तर तीन सिलिंडर 140 ते 150 पीएसआयच्या आसपास आणि तीन नंबर 95 वर. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत बघितलं तर तोच 95 वाला 130 झाला, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून कमी आणि रिंगांतून जास्त. ही चाचणी फुकट आहे, दहा मिनिटांत होते, इंजिन खोलायच्या निर्णयाआधी जरूर करा.

फोनवर मामांना सांगितलं. मामांचं कोल्हापुरात उद्यमनगरात पूर्वी बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं दुकान होतं, लहानपणी सुट्टीत आम्ही तिथे जाऊन लोखंडाचे कुरळे भुसे गोळा करायचो. मी म्हटलं, मामा, ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, तुम्हाला माहीत नसेल. व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून दाखवलं तर मामा गप्पच. मग म्हणाले, "आरं लेका, हे तर आपल्या ॲम्बेसिडरचं इंजिन हाय की! ह्यो त्याचा थोरला भाऊ म्हण." आणि खरंच की, ॲम्बेसिडरचं 1489 सीसीचं पेट्रोल इंजिन आणि माझं 1798 सीसीचं, दोन्ही बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी सिरीजची. ॲम्बेसिडरला क्रँक तीन बेअरिंगवर, एमजीबीला 1964 च्या अखेरीपासून पाच. मामांनी असली कितीतरी इंजिनं बांधलेली, मोजली नव्हती. पुढे कामाचे साडेनऊ महिने माझा खरा फोरमन कोल्हापुरात बसलेला होता.

तर मुद्दा असा की इंजिन उघडायचंच आहे तर नुसतं दुरुस्त न करता थोडी ताकद पण वाढवावी, असं मनात आलं. सगळ्यांच्याच येतं. कंपनीने त्या काळी 95 हॉर्सपॉवर सांगितली होती, पण ती इंजिनवर मोजलेली. सप्टेंबरात मी गाडी रोलिंग रोडवर नेली, म्हणजे चाकं रोलरवर फिरवून ताकद मोजतात ते. 90 पाउंड गेले आणि आकडा आला चाकांवर 66. गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलमध्ये जातं ते धरलं तरी कमीच. पण हा कागद मी जपून ठेवला, कारण आधीचं माप नसेल तर नंतर "जाणवतंय बुवा" एवढंच म्हणता येतं, आणि तीन हजार पाउंड घातल्यावर ते कुणालाही जाणवणारच!

खंडेनवमीला सगळ्या पान्यांना हळद-कुंकू लावलं, माझी बायको म्हणाली क्रेनला पण लाव, लावलं. (क्रेन सेकंडहँड घेतली 110 पाउंडांना, काम झाल्यावर 100 ला विकली, भाड्याने घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. इंजिन स्टँड 55.) 15 ऑक्टोबर 2022, शनिवारी, इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच बाहेर काढला. वेगळे काढता येतात पण परत बसवताना गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचमध्ये घालायला जो घाम निघतो तो एकत्र काढल्याने वाचतो. रेडिएटर आणि ऑइल कूलर आधी काढा, नाहीतर पुढे जागाच नाही. प्रत्येक वायरला मास्किंग टेप लावून नंबर लिहिला, प्रत्येक पायरीचा फोटो काढला, आणि नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. हे डबे सर्वात उपयोगी पडले, थट्टा नाही.

त्याच आठवड्यात कागदपत्रं. इथे गाडी रस्त्यावर नसेल तर सॉर्न करावं लागतं, म्हणजे डीव्हीएलएला (इथलं आरटीओ म्हणा) कळवायचं की गाडी खाजगी जागेत उभी आहे, चालवत नाही. ऑनलाइन पाच मिनिटांत होतं, फुकट. माझ्या गाडीला चाळीस वर्षं उलटून गेलीत म्हणून रोड टॅक्स शून्य आहे, पण शून्य असला तरी तो दरवर्षी "भरावा" लागतोच, आणि टॅक्स आहे तोवर इन्शुरन्स पण चालू पाहिजे. सॉर्न केलं की इन्शुरन्सवाल्यांकडून फक्त चोरी आणि आगीपुरतं कव्हर घेता येतं, ते स्वस्त. मी ते केलं. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की सॉर्न असताना गाडी घरासमोर रस्त्यावर उभीसुद्धा करायची नाही.

मग दिवाळीत फराळाबरोबर इंजिन खोलणं. बिग एंडच्या (रॉडचं क्रँकवर बसणारं टोक) बेअरिंगमधून खालचं तांबं दिसत होतं, बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, वरच्या बाजूला झिजून सात थाऊ वाढलेला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मामा आणि इथले मशिनवाले दोघंही तेच बोलतात), आणि कॅमशाफ्टचं एक टोक, म्हणजे लोब, बाकीच्यांपेक्षा तीस थाऊ बुटका. म्हणजे एक व्हॉल्व्ह कित्येक वर्षं अर्धवटच उघडत होता आणि मी कार्ब्युरेटर ट्यून करत बसलो होतो. मामांना मापं वाचून दाखवली. ते म्हणाले, "आदी माप घे, मग पैशाचं बोल. आन् पिस्टन हातात आल्याबिगर बोअर मारू द्यायचा न्हाई कुणाला." कारण ओव्हरसाइज चाळीस, म्हणजे मूळ मापापेक्षा चाळीस थाऊ मोठा, असं लिहिलेलं असलं तरी प्रत्येक पिस्टनचं खरं माप बघून, त्याप्रमाणे क्लिअरन्स ठेवून बोअर करतात.

म्हणून पिस्टन आधी मागवले, चाळीस थाऊ ओव्हरसाइज, 265 पाउंड. साठ थाऊपर्यंत जाता येतं आणि मग 1868 सीसी होतं, बरेच लोक सरळ तिथेच उडी मारतात. मी नाही मारली. चाळीसमध्ये 1845 होतं, तेवीस सीसीच्या फरकाने काही आभाळ कोसळत नाही आणि पुढच्या वेळच्या बोअरला भिंतीत जागा शिल्लक राहते. पिस्टन नेमके डिसेंबरच्या पोस्टाच्या संपात अडकले, आठवड्याऐवजी तीन आठवडे लागले.

ब्लॉक, क्रँक, रॉड, फ्लायव्हील सगळं मशिन शॉपला दिलं. नाव लिहीत नाही. पिस्टन पोचल्यापासून तीन आठवडे म्हणाले होते, हातात आलं 28 जानेवारीला, तेही मी दर सोमवारी फोन करत होतो म्हणून. काम मात्र माप बघता चांगलं होतं: बोअर, क्रँक दहा थाऊ अंडरसाइज, रॉडला पिस्टन चढवून, आणि सगळं बॅलन्स करून 640 पाउंड. चार रॉडमधल्या जड आणि हलक्यात 9 ग्रॅमचा फरक निघाला होता तो काढला. बॅलन्सिंगने हॉर्सपॉवर वाढते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, पण साडेपाच हजार आरपीएमला स्टिअरिंग हातात गुणगुणत नाही, आणि बेअरिंगं जास्त टिकतात, तेवढ्यासाठी करा.

बिलावर "केमिकल वॉश" असं लिहिलेलं, ब्लॉक पण बाहेरून नव्यासारखा. मी खूश. मामांना दाखवला. "ऑइल ग्यालरीचे प्लग काढलेत का त्यांनी?" मी बघितलं तर प्लग जुनेच, त्यावर जुना रंग तसाच. म्हणजे आतली ऑइलची लांब बोगदी धुतलीच नव्हती. हे पितळी प्लग पन्नास वर्षांचे, ड्रिल मारून, आटे पाडून, एक्स्ट्रॅक्टरने काढायला दोन संध्याकाळी गेल्या. मग लांब दांड्याचा ब्रश, पॅराफिन, आणि बायकोची जुनी पांढरी ओढणी फाडून केलेल्या चिंध्या. पहिली चिंधी काजळासारखी काळी आली. दुसरी काळी. तिसऱ्या चिंधीवर काळ्यात चमकणारे बारीक कण दिसले, टॉर्चच्या उजेडात गणपतीच्या आरासातल्या चमकीसारखे. हे बोअरिंगचे कण थेट नव्या बेअरिंगमध्ये गेले असते, पहिल्याच मिनिटात. अकराव्या चिंधीला पांढरी आली. मी त्या रात्री त्या दुकानाला एक मोठा ईमेल लिहिला आणि पाठवला नाही, कारण हेड (सिलिंडरवरचं झाकण, व्हॉल्व्ह असतात ते) दुसरीकडे होतं तरी फ्लायव्हीलचा एक बोल्ट त्यांच्याकडे राहिला होता आणि तो परत हवा होता. तुम्ही देताना स्पष्ट लिहून द्या: ग्यालरी प्लग काढून धुणे. आणि तरीही स्वतः परत धुवा.

आता हेडबद्दल, कारण ताकद वाढवायची तर पैसा इथे घालायचा, बाकी सगळं नंतर. बी सिरीजच्या हेडला पाचच पोर्ट असतात, चार सिलिंडरांना आत जायला दोन आणि बाहेर पडायला तीन. म्हणजे एक आणि दोन नंबरचा सिलिंडर एकाच भोकातून श्वास घेतात, तीन आणि चार एकातून. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, म्हणजे दोनने ओढलं की लगेच एक ओढणार, तीनने ओढलं की लगेच चार. एका नळावर दोन बिऱ्हाडं आणि दोघांनाही सकाळी सातलाच पाणी पाहिजे, तसला प्रकार. नळ बदलता येत नाही, पण तोटी मोठी आणि गुळगुळीत करता येते. पोर्ट कोरणं, व्हॉल्व्हच्या सीटमागची कड गोल करणं, सीटला तीन कोनांत कापणं, हे सगळं एका जुन्या हेडवाल्याकडून करून घेतलं. आणि एक्झॉस्टला कडक स्टीलच्या सीट बसवल्या, कारण ब्रिटनमध्ये शिसं घातलेलं पेट्रोल 2000 पासून बंद आहे आणि जुन्या ओतीव लोखंडाच्या सीट बिनशिशाच्या पेट्रोलवर झिजतात. सगळे मिळून 820 पाउंड आणि वाट बघणं डिसेंबर ते मार्च मध्य. महाग वाटलं. पण चकचकीत पाइपांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तीनशेला घेणार होतो तो मात्र रद्द केला, कारण हेडवाल्या आजोबांनीच सांगितलं की या गाडीचा मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड चांगलाच बनवलाय, तो लावून ठेव आणि पैसे वाचव. विकणारा माणूस "घेऊ नको" म्हणाला की मी ऐकतोच.

कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, मी स्वतः मोजला आणि या सगळ्या प्रकरणात मला सर्वात मजा तिथे आली. हेड उलटं ठेवून, व्हॉल्व्ह बसवून, वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून चिकटवायची आणि ब्युरेटने रंगीत पॅराफिन सोडायचं. बुडबुडा एका कोपऱ्यात सरकत सरकत भोकाखाली येतो आणि गप्पकन नाहीसा होतो, तेव्हा थांबायचं आणि आकडा वाचायचा. चारही खोल्या 39 सीसीच्या आसपास आल्या. पिस्टनच्या डोक्यावरची वाटी 6, गॅस्केटची जाडी 4, आणि पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या कडेपेक्षा तीस थाऊ खाली राहतो त्याचे 4. एकूण 53. एका सिलिंडरचा स्ट्रोक 461 सीसी, म्हणजे 461 अधिक 53 भागिले 53, साधारण 9.7. मूळचा होता 9. यापेक्षा जास्त नको असं आधीच ठरवलं होतं. इथे सप्टेंबर 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून नळ्या सगळ्या बदलल्या आणि मी 97 ऑक्टेनच्या वरचं सुपरच भरतो, त्यात इथेनॉल कमी आणि 9.7 ला ऑक्टेन पण लागतोच.

22 मार्चला पाडवा होता, बुधवार. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली आणि क्रँक बसवला. मेन बेअरिंगच्या कॅप 70 फूट-पाउंडने आवळायच्या, एक आवळली की क्रँक हाताने फिरवून बघायचा, मग दुसरी. पाचही झाल्यावर क्रँक एका बोटाने फिरला आणि सोडल्यावर हळूच आपोआप थांबला. बायकोला आत जाऊन बोलावून आणलं, तिनेही एका बोटाने फिरवला, म्हणाली, "बरं." मग श्रीखंड-पुरी. (डबा परत गॅरेजमध्ये.)

रिंगांचा गॅप बोअरमध्ये घालून फिलर गेजने बघा, पाकिटातून काढून तशाच बसवू नका. माझ्या दोन रिंगा 9 थाऊ होत्या, कानशीने घासून 13 केल्या. कमी गॅप राहिला तर तापल्यावर टोकं भिडतात आणि रिंग तुटते.

कॅमशाफ्ट नवा, रस्त्यावरच्या वापरासाठीचा पण थोडा तिखट, 270 अंशांचा (क्रँकच्या तेवढ्या फिरण्यात व्हॉल्व्ह उघडा ठेवणारा). मूळचा 252 चा होता. फॉलोअर म्हणजे टॅपेट नवेच पाहिजेत, जुने नव्या कॅमवर अजिबात चालत नाहीत, एकमेकांना खातात. दोन्ही मिळून 235. टायमिंग चेन मूळची एकेरी होती ती काढून दुहेरी घातली, 70. आता कॅम टायमिंग. स्प्रॉकेटवरच्या खुणा जुळवल्या की झालं असं मला वाटायचं. कार्डवर लिहिलेलं, एक नंबरचा इनलेट पूर्ण उघडला पाहिजे पिस्टन टॉपला येऊन गेल्यावर 107 अंशांवर. क्रँकच्या पुढच्या टोकाला डिग्रीची तबकडी, पुशरॉडवर डायल गेज, सुई वर जाते, थांबते, खाली येते, दोन्ही बाजूंचा मध्य काढायचा. खुणा जुळवून माझा आला 111. चार अंश उशीर. त्यासाठी ऑफसेट की मिळते, थोडी तिरकी चावी, ती घातली आणि परत मोजलं तर 115! उलटी घातली होती. रविवारची आख्खी दुपार. परत काढली, फिरवली, 107. तीनदा मोजलं, तीनदा 107. हे चार अंश कुणी बघत नाही, पण नंतर रोलिंग रोडवाला म्हणाला की याच इंजिनाच्या बऱ्याच महागड्या बांधणीत ताकद इथेच हरवलेली असते.

7 मे, राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या लाँग वीकेंडला, इंजिन परत गाडीत. शेजारी रस्त्यावर मेजं मांडून पार्टी चाललेली, झेंड्यांच्या पताका, आणि आमच्या ड्राइव्हवर इंजिन हवेत लटकतंय. दोन शेजारी हातात केक घेऊनच मदतीला आले.

आता माझी सर्वात मोठी चूक. नवा कॅम असेल तर पहिल्यांदा इंजिन सुरू झालं की लगेच 2000 आरपीएमच्या वर घ्यायचं आणि वीस मिनिटं तिथेच वरखाली ठेवायचं, आयडलला सोडायचं नाही, कारण कॅमच्या लोबांवर ऑइल क्रँकने उडवलेलंच पडतं आणि आयडलला पुरेसं उडत नाही. म्हणून ते पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवं. ऑइल झिंकवालं, 20 डब्ल्यू 50. आधी प्लग काढून स्टार्टर मारला, अर्ध्या मिनिटात ऑइल प्रेशरचा काटा उठला, 50. (पंपात आधी व्हॅसलीन भरलं होतं, त्याने पंप लगेच ओढतो.) 13 मेला सगळं तयार, चावी फिरवली, आणि गाडी शिंकली. कार्ब्युरेटरमधून फट्ट. परत फट्ट. डिस्ट्रिब्युटर थोडा इकडे, थोडा तिकडे, पेट्रोल बघ, स्पार्क बघ, सगळं आहे, आणि दर वेळी स्टार्टर मारताना माझ्या डोळ्यासमोर कॅमवरचं ते जाड काळं लुब्रिकंट पुसलं जाताना दिसतंय. सहाव्या वेळी कार्ब्युरेटरच्या तोंडाशी चक्क ज्वाळ आली. थांबलो. शर्टाला हात पुसले. रडू आलं नाही पण आलंच होतं जवळपास.

कोल्हापुरात रात्रीचे साडेदहा. मामा उठले. "रॉकर कव्हर काढ. डिस्ट्रिब्युटरचा रोटर एकच्या वायरीकडं ठेवून पुलीची खूण शून्यावर आण. एक नंबरचे दोन्ही रॉकर हलवून बघ, मोकळे हायत का?" हलवले. दोन्ही घट्ट, एक नुकताच मिटत आलेला, एक उघडायला लागलेला. "मग तो एक्झॉस्टचा टॉप हाय, कॉम्प्रेशनचा न्हाई. चार नंबर पेटतोय आन् तू एकची वायर लावून बसलायस." डिस्ट्रिब्युटर फिरवणारा दांडा बसवताना मी 180 अंश उलटा घेतला होता. टोपीतल्या चारही वायरी समोरासमोर बदलल्या की काम झालं असतं, पण मामांनी आधी रॉकर शाफ्ट काढायला लावला, पुशरॉड काढून वरून कॅमच्या लोबांवर परत लुब्रिकंट सोडायला लावलं. रॉकर शाफ्टचे चार नट हेडच्याच स्टडवर असतात, म्हणजे हेडही परत क्रमाने आवळावं लागलं, म्हणून मधला आठवडा गेला. 20 मेला चावी फिरवली आणि अर्ध्या फेरीत सुरू. वीस मिनिटं मी आणि माझी मुलगी घड्याळ घेऊन उभे, सगळ्या गल्लीत तळणाचा वास, नवीन रंग आणि ग्रीस जळत होतं. शेजारच्या आजी खिडकी लावून घेताना हात हलवून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना ढोकळा दिला.

ऑइल लगेच बदललं, जुना फिल्टर करवतीने कापून आतला कागद उलगडून बघितला. थोडी राखाडी माती, चकाकणारं काही नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परत कागद. क्रम महत्त्वाचा आहे म्हणून सांगतो. आधी इन्शुरन्सला फोन, 40 मिनिटं होल्डवर, मग फोनवरच्या मुलीने विचारलं टर्बो लावलाय का, म्हटलं नाही हो, 1973 ची गाडी आहे. हेड, कॅम, बोअर सगळं सांगितलं, प्रीमियम 34 पाउंडांनी वाढला. लपवू नका, क्लेमच्या वेळी तेच शोधतात. मग ऑनलाइन टॅक्स, शून्य पाउंडांचा, त्यासाठी लॉगबुकवरचा (आपल्याकडचं आरसी बुक) 11 आकडी नंबर लागतो. एमओटीची, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची, तपासणी चाळीस वर्षांवरच्या गाडीला 2018 पासून सक्तीची नाही, फक्त गाडीत मोठा बदल झालेला नाही असं टॅक्स भरताना आपण जाहीर करायचं. मला इथे धाकधूक होती, पण नियमात स्पष्ट आहे की त्याच मूळ इंजिनाची क्षमता थोडी वेगळी झाली तर तो मोठा बदल धरत नाहीत. तरी मी स्वतःहून एमओटी करून घेतली, ब्रेक एकदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघितलेले बरे. आणि सगळ्यात शेवटी लॉगबुक डीव्हीएलएला स्वॉन्झीला पोस्टाने, 1798 खोडून 1845 लिहून, सोबत मशिन शॉपच्या लेटरहेडवरचं पत्र. (त्या बोल्टबरोबर तेही मागून घेतलं, म्हणून तो ईमेल न पाठवल्याचं समाधान.) लॉगबुक पाठवायच्या आधी टॅक्स भरा, नाहीतर तो नंबर हातात नसतो. फोटोकॉपी ठेवा. नवीन लॉगबुक साडेचार आठवड्यांनी आलं, फी काही नाही.

पहिले पाचशे मैल जपून. तीन हजारांच्या वर नाही, पण टॉप गिअरला कुथवतही नाही, आणि एकाच वेगाने मोटरवेवर तर अजिबात नाही. वॉरिकशायरच्या गावांतून उगाच चकरा. ऑइल खायचं पूर्ण थांबलं. पाचशेला हेडचे नट परत आवळले, 50 फूट-पाउंड, टॅपेटची (म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हमधली) फट बघितली, ऑइल बदललं.

28 जुलैला परत त्याच रोलिंग रोडवर. 280 पाउंड, चार तास. दोन्ही एसयू कार्ब्युरेटरच्या सुया दोनदा बदलल्या, कारण घरी कितीही चांगलं वाटलं तरी वर चार हजारांना मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) होत होतं आणि तसं चालवलं असतं तर पिस्टन जळले असते. तेव्हा बांधून झाल्यावर हे दोनशे-ऐंशी वाचवू नका, बाकी कुठेही वाचवा. इग्निशन टायमिंग एकूण 32 अंश. आकडा आला 84. आधीचा 66 चा कागद शेजारी धरला. ट्यून करणाऱ्याला काही विशेष वाटलं नाही, तो रोज दोनशे-तीनशेवाल्या गाड्या बघतो. मी मात्र परत येताना केनिलवर्थच्या बाहेरच्या चढावर तिसऱ्याऐवजी चौथ्यात राहिलो आणि गाडी चढली. एकूण खर्च सव्वातीन हजार पाउंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण सव्वातीन लाख रुपये. त्यात माझे शनिवार-रविवार धरलेले नाहीत, बायकोने धरलेत.

घरी आल्यावर गरम इंजिनाचा आयडलचा आवाज रेकॉर्ड करून मामांना पाठवला. ऑइल प्रेशर आयडलला 22, सगळं शांत, मला तर एकदम झकास वाटत होतं. मामांचा उलट निरोप आला, सहा सेकंदांचा: "मागच्या बाजूचा एक टॅपेट वाजतोय बग." मी कान लावून ऐकलं, काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड असताना कव्हर काढलं. या इंजिनाला टॅपेट सेट करताना नऊची बेरीज करायची: आठ नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असेल तर एक नंबर सेट करायचा, सात दाबलेला असेल तर दोन, असं. तीन नंबर पूर्ण दाबला आणि सहा नंबरमध्ये फिलर गेज घातलं. पाच थाऊ जास्त सैल होता.